पोळ्याची अमावास्या आणि चंद्राचे गणित

अमरावती / अकोला (प्रतिनिधी) : वऱ्हाडात बैलपोळा २०२२ मध्ये २६ ऑगस्टला आला, २०२३ मध्ये १४ सप्टेंबरला, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. इंग्रजी तारीख चारही वेळा वेगळी, तिथी मात्र एकच : श्रावण अमावास्या. सण कधी अकरा-बारा दिवस अलीकडे येतो, तर एखाद्या वर्षी एकदम एकोणीस दिवस पुढे ढकलला जातो. खांदशेकणी, झडत्या आणि दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा यांच्या गडबडीत या घसरणीकडे शहरात कोणाचे फारसे लक्ष जात नाही. शेतात मात्र ती दुर्लक्षून चालत नाही. ‘पोळ्याच्या अमावास्येला पऱ्हाटीवर फवारणी’ हा संकेत अनेक गावांत वर्षानुवर्षे पाळला जात आहे आणि त्या दिवशी पीक नेमक्या कोणत्या अवस्थेत असेल, हे या घसरणीवरच अवलंबून असते.

अमावास्या म्हणजे काय, याचे उत्तर शाळेत सर्वांनीच पाठ केलेले असते. तरीही संकष्टीचा चंद्रोदय, ग्रहणाची धास्ती किंवा अंधाऱ्या पंधरवड्यातील शुभाशुभ यांचा प्रश्न आला की ते उत्तर आठवत नाही. म्हणून चंद्र, पृथ्वी आणि सूर्य या तिघांचे नाते पुन्हा एकदा मुळापासून समजून घेणे अगत्याचे आहे.

सदैव अर्धा उजळलेला गोल

चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही. पृथ्वीपासून सरासरी ३ लाख ८४ हजार ४०० किलोमीटर अंतरावरील, ३ हजार ४७४ किलोमीटर व्यासाचा हा खडकाळ गोल सूर्याच्या प्रकाशाने उजळतो. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्याचा प्रकाश एका दिशेने येत असल्यामुळे चंद्राचा सूर्याकडील अर्धा भाग नेहमी उजळलेला आणि पलीकडील अर्धा अंधारात असतो. ही स्थिती पौर्णिमेला असते तशीच अमावास्येलाही असते. (ग्रहणाचे काही तास तेवढे याला अपवाद.)

बदलते ती आपली पाहण्याची दिशा. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना सूर्य आणि पृथ्वी यांच्या मधल्या बाजूस आला की त्याचा उजळलेला अर्धा भाग आपल्याकडे पाठ करून असतो, ती अमावास्या. तेथून पुढे सरकताना उजळलेल्या भागाची एक कड दिसू लागते. ती द्वितीया-तृतीयेची कोर. सूर्यापासून ९० अंश दूर गेल्यावर उजळलेल्या भागाचा निम्मा हिस्सा दिसतो. ती शुक्ल अष्टमीच्या सुमाराची स्थिती. १८० अंश झाले की चंद्र सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूस येतो आणि उजळलेला संपूर्ण भाग आपल्यासमोर असतो, ती पौर्णिमा. पुढील पंधरवड्यात हाच क्रम उलट होतो. या बदलांनाच आपण चंद्राच्या कला म्हणतो.

पृथ्वीच्या सावलीचा गैरसमज

चंद्रावर पृथ्वीची सावली पडल्यामुळे कला दिसतात, असे सुशिक्षितांमध्येही अनेकांना वाटते. हा समज खोटा आहे, हे पडताळण्यास दुर्बीण लागत नाही. शुक्ल अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी आकाशाकडे पाहावे. सूर्य पश्चिम क्षितिजावर असतो आणि अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर. पृथ्वीची सावली त्या वेळी सूर्याच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे पूर्व क्षितिजाकडे असते. डोक्यावरच्या चंद्राशी तिची गाठ पडणे शक्य नाही. तरीही चंद्र अर्धाच दिसतो. त्याची उजळ बाजू मावळत्या सूर्याकडे वळलेली असते, हेही तेव्हाच लक्षात येते.

द्वितीया-तृतीयेच्या संध्याकाळी आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी असते. बारीक कोरीसोबत चंद्राचा उरलेला गोलही अंधूक राखाडी दिसतो. तो प्रकाशही मूळचा सूर्याचाच. तो आधी पृथ्वीवर पडतो, तेथून परावर्तित होऊन चंद्रावर जातो आणि पुन्हा आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. आपल्या आकाशात अमावास्या असते, तेव्हा चंद्रावरून पाहणाऱ्याला पृथ्वी पूर्ण उजळलेली दिसेल.

वरूड-मोर्शीच्या संत्र्याचा प्रयोग

हे सारे घरातल्या घरात दाखवता येते. खोलीत अंधार करून डोक्याच्या उंचीवर एकच दिवा लावावा. वरूड-मोर्शीचे एखादे संत्रे पेन्सिलीला टोचून हात लांब करून डोक्यापेक्षा किंचित वर धरावे. दिवा म्हणजे सूर्य, संत्रे म्हणजे चंद्र आणि आपले डोके म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यास संत्र्याची आपल्याकडील बाजू काळोखी दिसते, ही अमावास्या. आता हात तसाच ठेवून डावीकडे हळूहळू वळावे. संत्र्याच्या उजव्या कडेवर प्रथम कोर उजळते, पाव वळण पूर्ण होताच उजवा अर्धा भाग उजळतो आणि दिव्याकडे पाठ झाली की संत्रे पूर्ण उजळलेले दिसते. तसेच वळत राहिल्यास डावी बाजू तेवढी उजळलेली राहते. हा कृष्ण पक्ष.

हाच प्रयोग हात थोडा खाली आणून करावा. दिव्याकडे तोंड असताना संत्रे दिव्याला झाकते, हे सूर्यग्रहण. पाठ असताना डोक्याची सावली संत्र्यावर पडते, हे चंद्रग्रहण. संत्रे किंचित वर धरले असता दोन्ही ग्रहणे टळतात. ग्रहण दर महिन्याला का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर या दोन-चार इंचांतच आहे.

मुंबईचा चंद्रोदय आणि अमरावतीचा चंद्रोदय

चंद्राच्या कला आणि त्याच्या उगवण्याची वेळ एकमेकांशी बांधलेली आहे. अमावास्येचा चंद्र सूर्याबरोबर उगवतो व सूर्याबरोबर मावळतो. शुक्ल अष्टमीचा चंद्र साधारण दुपारी उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी पूर्वेला वर येतो. कृष्ण अष्टमीचा मध्यरात्री. चंद्र दररोज पूर्वेकडे सरकत असल्याने त्याचे उगवणे रोज सरासरी पन्नास मिनिटांनी लांबते. म्हणूनच संकष्टी चतुर्थीचा उपवास सोडण्यास रात्रीचे नऊ-साडेनऊ वाजतात.

येथे वऱ्हाडातील वाचकांनी एक व्यावहारिक बाब ध्यानात ठेवावी. मुंबई सुमारे ७२.८ अंश पूर्व रेखांशावर, अकोला ७७ अंशांवर आणि अमरावती ७७.७ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे मुंबईच्या तुलनेत अकोल्यात चंद्र सुमारे सतरा मिनिटे, तर अमरावतीत सुमारे वीस मिनिटे आधी उगवतो. ऋतूनुसार त्यात काही मिनिटांचा फरक पडतो. अकोला व अमरावती यांच्यातही दोन-तीन मिनिटांचे अंतर राहते. दिनदर्शिकेत मुंबईची वेळ छापलेली असेल तर येथील उपवास करणारा उगाच ताटकळतो. आपल्या गावाची वेळ पाहावी, हे उत्तम.

तिथी आणि अधिक महिना

चंद्र पृथ्वीभोवती एक फेरी सुमारे २७.३ दिवसांत पूर्ण करतो. मात्र तेवढ्या काळात पृथ्वीही सूर्याभोवती पुढे सरकलेली असते. सूर्याशी पुन्हा तीच स्थिती गाठण्यास चंद्राला आणखी दोन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५ दिवस लागतात. हाच आपला चांद्रमास.

पंचांगातील तिथी ही याच कोनाची मोजणी आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांच्या तीस तिथी होतात. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने त्याची गती कमी-अधिक होते आणि तिथीही कधी सुमारे १९ तासांची, तर कधी २६ तासांची होते. त्यामुळेच एखादी तिथी दोन सूर्योदय पाहते (वृद्धी), तर एखादी एकही सूर्योदय न पाहता संपते (क्षय). क्षयतिथी म्हणजे पंचांगकर्त्यांची चूक असे मानण्याचे कारण नाही.

असे बारा चांद्रमास मिळून सुमारे ३५४ दिवस होतात. सौरवर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती भरून काढण्यासाठी साधारण ३२ ते ३३ महिन्यांनी एक अधिक महिना धरला जातो. ज्या चांद्रमासात सूर्य नव्या राशीत प्रवेश करीत नाही, तो अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण आला. त्यामुळे २०२२ आणि २०२३ या वर्षांच्या पोळ्यांमध्ये ३५४ ऐवजी ३८४ दिवस गेले आणि सण १४ सप्टेंबरवर पोहोचला. पुढील दोन वर्षांत तो पुन्हा अकरा-बारा दिवसांनी मागे येत २२ ऑगस्टला आला. २०२६ हे अधिक ज्येष्ठाचे वर्ष असल्याने श्रावण अमावास्या पुन्हा सप्टेंबरात जाते.

प्रत्येक अमावास्येला ग्रहण का नाही ?

चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. पाच अंश ऐकायला थोडे वाटतात. परंतु आकाशात चंद्रबिंब अवघे अर्ध्या अंशाचे दिसते. म्हणजे एखाद्या अमावास्येला चंद्र सूर्याच्या दहा बिंबे वरून वा खालून निघून जाऊ शकतो. ज्या दोन बिंदूंत या कक्षा एकमेकींना छेदतात, त्यांनाच भारतीय ज्योतिर्गणितात राहू आणि केतू म्हणतात. अमावास्या वा पौर्णिमा या बिंदूंजवळ घडली, तरच ग्रहण होते. ग्रहण म्हणजे सावलीचा खेळ आहे, हे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात सांगून ठेवले आहे.

अमरावती जिल्ह्याला अशा एका अमावास्येचा मोठा वारसा आहे आणि तो जवळपास विस्मृतीत गेला आहे. २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येला, खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकण किनाऱ्यावरून महाराष्ट्रात शिरला आणि वऱ्हाडातून नागपूरच्या दिशेने गेला. ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या एका पथकाने निरीक्षणासाठी निवडलेले ठिकाण होते तळणी. धामणगाव आणि पुलगाव यांच्या दरम्यानचे हे लहानसे रेल्वे स्थानक. मुंबईत त्या काळी प्लेगची साथ होती. ग्रीनिच वेधशाळेतील एडवर्ड वॉल्टर माँडर आणि त्यांच्या पत्नी अ‍ॅनी माँडर या पथकात होते. अ‍ॅनी यांनीही याच वेधशाळेत काम केले होते; १८९५ मध्ये विवाहानंतर त्यांना नोकरी सोडावी लागली. तळणीला त्यांनी दीड इंच व्यासाच्या भिंगाचा स्वतःचा छोटा कॅमेरा लावला. दुपारी जेमतेम दोन मिनिटे सूर्य पूर्ण झाकला गेला. तेवढ्या अवधीत त्यांनी सूर्याच्या प्रभामंडलातून बाहेर झेपावणाऱ्या प्रदीर्घ झोताचे छायाचित्र टिपले. इतका लांब झोत तोपर्यंत छायाचित्रात उमटलेला नव्हता.

त्याच दिवशी पुलगावला दुसरे ब्रिटिश पथक होते, सोलापूर भागातील जेऊर येथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला निरीक्षण करीत होते, तर विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर होते. एरवी दार-खिडक्या लावून घेण्याची ती वेळ; पण जगाच्या दुसऱ्या टोकाहून माणसे त्या दोन मिनिटांसाठी वऱ्हाडात आली होती. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आणि जवळपास तितक्याच पटीने दूर आहे. म्हणून दोन्ही बिंबे आकाशात सारख्या आकाराची दिसतात आणि प्रभामंडल उघडे ठेवून सूर्य तेवढा नेमका झाकला जातो. या योगायोगाचे मोल त्यांना ठाऊक होते.

चंद्रग्रहण पाहण्यास इतका प्रवासही लागत नाही. ७ सप्टेंबर २०२५ च्या भाद्रपद पौर्णिमेला रात्री अकरापासून सुमारे ८२ मिनिटे चंद्र पृथ्वीच्या दाट सावलीत होता. हे ग्रहण संपूर्ण भारताच्या आकाशात होते. चंद्रग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहणे पूर्णतः सुरक्षित असते. सूर्यग्रहणासाठी मात्र योग्य सौरचष्मा अत्यावश्यक आहे.

पऱ्हाटी, पतंग आणि अंधारी रात्र

आता पुन्हा पोळ्याकडे वळू. कपाशीवरील बोंडअळ्यांचे पतंग निशाचर असतात. प्रकाश सापळ्यांत पौर्णिमेच्या आसपास पतंग कमी आणि अंधाऱ्या रात्री अधिक सापडतात, हे अनेक ठिकाणी दिसून आले आहे. चांदण्यात पतंग कमी उडतात, की चांदण्यापुढे सापळ्याचा दिवा फिका पडतो, यावर कीटकशास्त्रज्ञांत दोन्ही बाजूंनी मांडणी होते. अमावास्येच्या अंधारात पतंग अंडी घालतात, दोन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात, म्हणून त्या सुमारास फवारावे, हा शेतकऱ्यांमधील संकेत अशा अनुभवातूनच रुजला. त्याला सरसकट अंधश्रद्धा म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु चंद्राचे गणित मांडले की या संकेताच्या मर्यादाही स्पष्ट होतात. पहिली मर्यादा अंधाराची. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसला तरी त्याचा प्रकाश पौर्णिमेच्या सुमारे एक दशांश असतो. शिवाय शुक्ल अष्टमीला उत्तररात्र आणि कृष्ण अष्टमीला पूर्वरात्र चंद्राविना जाते. त्यात ऑगस्टचे आकाश बहुतेक वेळा ढगाळ. पतंगांना अंधारासाठी अमावास्येची वाट पाहावी लागत नाही. महिन्यातील बऱ्याच रात्री तो उपलब्ध असतो.

दुसरी मर्यादा तारखेची आणि ती अधिक महत्त्वाची. पेरणी पावसावर, म्हणजे पर्यायाने सूर्याच्या चक्रावर होते. पोळा चंद्राच्या चक्रावर येतो. समजा, एखाद्याने दरवर्षी २० जूनला कपाशी पेरली. २०२५ च्या पोळ्याला त्याचे पीक ६३ दिवसांचे होते. २०२३ च्या पोळ्याला तेच पीक ८६ दिवसांचे असते. पहिल्या स्थितीत पाते-फुले धरण्याचा काळ, दुसऱ्या स्थितीत बोंडे भरू लागण्याचा. अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोहोचत नाही. एकच ‘पोळ्याची फवारणी’ एका वर्षी वेळेवर ठरते, तर दुसऱ्या वर्षी पैसा आणि मेहनत पाण्यात जाते.

या चुकीची किंमत वऱ्हाडाने आणि शेजारच्या जिल्ह्यांनी मोजली आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान केले आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा बळी घेतला. अनावश्यक फवारणी टाळणे हा केवळ खर्चाचा प्रश्न राहिलेला नाही.

फवारणीचा निर्णय शेतातील मोजणीवर घ्यावा, अशी कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून अधिक नर पतंग सापडले, अथवा दहा टक्के फुलांत डोमकळ्या किंवा बोंडांत अळ्या आढळल्या, तर नियंत्रणाचे उपाय योजावेत. सुरुवातीच्या काळात पाच टक्के निंबोळी अर्काचा वापर सुचविला जातो. पुढील औषधाची निवड आणि मात्रा यांसाठी अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ किंवा जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. अमावास्या ही सापळ्यांकडे अधिक बारकाईने पाहण्याची आठवण म्हणून जरूर उपयोगी पडेल. सापळ्याची जागा ती घेऊ शकत नाही.

महिनाभराचा अभ्यास

चंद्राशी ओळख करून घेण्यास साधनांची गरज नाही. येत्या अमावास्येनंतर तिसऱ्या दिवसापासून रोज सूर्यास्तानंतर ठरावीक वेळी गच्चीवरून किंवा टेकडीवरून चंद्र पाहावा. तो रोज थोडा मोठा होतो आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे सुमारे बारा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीपेक्षा थोडा अधिक, सरकलेला असतो. पौर्णिमेच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेला टेकत असतानाच अमरावतीच्या पूर्वेकडील टेकड्यांमागून पूर्ण बिंब वर येते. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र त्या क्षणी जवळजवळ एका रेषेत असतात आणि त्या रेषेच्या मधोमध आपण उभे असतो. पंधरा दिवसांनी चंद्र दिसेनासा होतो, तेव्हाही तो तितकाच उजळलेला असतो. त्याची उजळ बाजू सूर्याकडे असते, एवढेच.